नाटकगृहाची पायरी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आमचे वाडवडील सांगून गेले. कोर्टाविषयींचें त्यांचें मत ज्याचें त्यानें पारखून घ्यावें. परंतु नाटकगृहाची पायरी मात्र प्रत्येक मराठी मनुष्यानें वर्षांतून चार वेळां तरी चढावी, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें. इ. स. १८४३ मध्यें सांगली येथें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला, त्यास आतां पावणेदोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ दर वर्षीं ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमिदिन म्हणून आपण पाळतों. या दीर्घ काळांत राज्यें बदललीं, भाषेचीं वळणें बदललीं, चित्रपट आला, दूरदर्शन आलें, आणि खिशांतल्या यंत्रावर साऱ्या जगाचा तमाशा दिसूं लागला. तथापि तिसरी घंटा होऊन पडदा वर जातांना अंगावर जो रोमांच उभा राहतो, त्याची बरोबरी यांतील एकाहि गोष्टीस साधलेली नाहीं. तेव्हां नाटकाची थोरवी गाण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत नाहीं. आमचा प्रश्न अगदीं साधा आहे. ज्यांस ती पायरी चढतांच येत नाहीं, त्यांनीं काय करावें?

हीं माणसें कोण, तें शोधावयास दूर जावयास नको. गुडघ्यांनीं दगा दिलेली आजी, अर्धांगवायूनें एक बाजू लुळी पडलेले काका, लहानपणच्या पोलिओनें पाय बारीक राहिलेली मावशी, अपघातानंतर कुबडीवर चालणारा थोरला भाऊ, हीं आपल्याच घरांतलीं माणसें होत. सन २०११ च्या जनगणनेंत भारतांत सुमारें २ कोटि ६८ लक्ष आणि एकट्या महाराष्ट्रांत सुमारें २९ लक्ष ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. शिवाय वयोमानानें चालणें अवघड झालेले असंख्य वृद्ध या गणतींत दिव्यांग म्हणून आलेलेच नसतील. घरांत नाटकाचा बेत ठरतो, मुलें नवे कपडे घालतात, आणि निघतांना कोणीतरी सहज म्हणतें, “आजी, तुम्ही घर सांभाळा हं!” म्हणणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नसतें. आजीहि हंसून मान हलविते. पण ज्या आजीस जुनीं नाट्यपदें तोंडपाठ आहेत, जिनें नातवंडांस त्यांच्या चाली शिकविल्या, तिच्याच वांट्यास कुलुपाची राखण यावी, ही गोष्ट आम्हांस खटकते. दहा-बारा पायऱ्या आणि शंभर पावलें एवढ्यासाठीं एक रसिक नाटकास मुकतो. हें दुःख लहान आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं एक वर्षभर कोठेंहि न जातां घरींच बसून पाहावें.

कोणी म्हणेल, म्हातारपणीं असें व्हावयाचेंच. पूर्वींहि असेंच होतें. आमच्या मतें पूर्वीं तसें नव्हतें. गांवच्या जत्रेंत तमाशाचा फड उघड्या माळावर उभा राही. कीर्तन देवळाच्या पटांगणांत होई. भारूड व लळित चव्हाट्यावर होत. ज्यास चालवत नसे त्यास बैलगाडींत घालून थेट तेथवर नेत. बैल सोडीत, गाडीस टेका देत, आणि म्हातारबोवा गाडींत पसरलेल्या कडब्यावर टेकून सारा खेळ पाहत. त्यांची गाडी हेंच त्यांचें आसन. आमच्या जालन्याचा होळीच्या सणांतील हत्ती रिसाला आजहि रस्त्यावरून जातो. ज्यांस मिरवणुकींत चालतां येत नाहीं ते ओट्यावर बसून तो पाहतात. खेळ जोंपर्यंत मोकळ्यावर होता, तोंपर्यंत पांगळ्यास त्यांत जागा होती. आम्हीं पक्कें नाटकगृह बांधलें, त्यास शोभेसाठीं उंच जोतें केलें, जोत्यास पायऱ्या केल्या, आणि बैलगाडी बाहेरच्या बाहेर थांबली. हा दोष कोणा एकाचा नव्हे. बांधतांना कोणाच्या डोळ्यांपुढें ती गाडीच नव्हती, इतकेंच.

या संबंधांत बालगंधर्वांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. ज्यांच्या चालण्या-वळण्याची ऐट पाहून सबंध महाराष्ट्र डोलला, ते नारायणराव राजहंस उतारवयांत पायांनीं अधू झाले होते. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजीं त्यांच्याच हस्तें बसविण्यांत आली. मंदिर पुरें होऊन त्याचें उद्घाटन २६ जून १९६८ रोजीं झालें. परंतु तें पाहावयास ते उरले नव्हते, १५ जुलै १९६७ रोजींच त्यांचें देहावसान झालें होतें. नटसम्राटास म्हातारपण चुकलें नाहीं, मग प्रेक्षकांस तें कसें चुकावें? ज्या कलेचा राजाच अखेरीस पायांनीं असाहाय्य झाला, त्या कलेच्या मंदिरांत तरी न चालणाऱ्यासाठीं वाट असावी, हें मागणें अवास्तव खास नव्हे.

आतां उपायाकडे वळूं. बॅटरीवर चालणारी एक लहानशी चाकगाडी असते. तिला मोबिलिटी स्कूटर म्हणतात. तिला तीन किंवा चार चाकें, एक आसन व पुढें एक दांडा असतो. दांड्यावरील तरफ दाबली कीं ती चालते, सोडली कीं आपोआप थांबते. तिची गति साधारणपणें भराभर चालणाऱ्या मनुष्याएवढी. तीन चाकांची गाडी थोड्या जागेंत वळते. चार चाकांची अधिक स्थिर असते. कांहीं गाड्या घडी घालून मोटारीच्या मागच्या पेटींत ठेवतां येतात. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत अॅलन थीम नांवाच्या एका कारागिरानें आपल्या कुटुंबांतील आजारी व्यक्तीसाठीं १९६८ च्या सुमारास अशी गाडी तयार केली, आणि तेथून या वाहनाचा प्रसार झाला. पुढें १९७९ सालीं इंग्लंडांतील मिल्टन कीन्स या नगरांत ‘शॉपमोबिलिटी’ नांवाची योजना निघाली. बाजारांत येणाऱ्या अपंग मनुष्यानें तेथें यावें, चाकाची खुर्ची अथवा अशी गाडी कांहीं तासांपुरती घ्यावी, आपलें काम उरकावें व ती परत करावी. ही कल्पना पुढें त्या देशांतील पुष्कळ शहरांनीं उचलली.

आमचा मुद्दा याच भाड्याच्या कल्पनेविषयीं आहे. अशी गाडी विकत घेणें सर्वांच्या आटोक्यांतलें नव्हे, आणि ज्यास घरांतल्या घरांत भिंतीला धरून फिरतां येतें त्यास ती रोज लागतहि नाहीं. त्यास ती लागते लग्नास, जत्रेस, आणि नाटकास. जी वस्तु वर्षांतून चार दिवस लागते ती भाड्यानें आणावी, हा व्यवहार आम्हां मराठी माणसांस कोणी शिकवावयास नको. लग्नाचा मंडप भाड्याचा, पंगतीचीं भांडीं भाड्याचीं, सतरंज्या भाड्याच्या, नवरदेवाचा घोडासुद्धां भाड्याचा. घोडा भाड्याचा म्हणून नवरदेवाची अब्रू जात नाहीं. मग गाडी भाड्याची म्हणून आजोबांची कां जावी? नाटकवाल्यांविषयीं तर बोलावयासच नको. त्यांचे मुकुट व तलवारी यांतहि भाड्याचें सामान पुष्कळ असतें. रंगमंचावरचा राजा जर भाड्याच्या सिंहासनावर निःसंकोच बसतो, तर प्रेक्षकांनें भाड्याच्या आसनावर बसून त्यास पाहण्यांत कसली नामुष्की?

तरीहि आक्षेप येतात, आणि त्यांस उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप लोकलज्जेचा. “चार लोक काय म्हणतील?” या एका वाक्यानें आमच्या समाजांत जितकीं माणसें घरांत कोंडून ठेविलीं, तितकीं कुलुपांनींहि ठेविलीं नसतील. चष्मा प्रथम आला तेव्हां लोक हंसलेच असतील; आज चष्मा लावणाऱ्यास कोणी आंधळा म्हणत नाहीं. डोळ्यांस कांच चालते, दांतांस कवळी चालते, कानांस यंत्र चालतें. मग पायांस चाक कां चालूं नये? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनीं चाकांच्या खुर्चींतूनच मोठी संस्था उभारली. सांगलीजवळच्या इस्लामपूर भागांतील मुरलीकांत पेटकर यांनीं सैन्यांत जायबंदी झाल्यावर १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. चाक हें दुबळेपणाचें चिन्ह असतें, तर अशीं माणसें त्यावर बसून एवढीं पुढें गेलीं नसतीं.

दुसरा आक्षेप मायेंतून येतो, म्हणून त्यास उत्तर देणें अधिक कठीण. “गाडी कशास हवी? आम्ही चार धट्टीकट्टी पोरें आहोंत. आजोबांस खुर्चीसकट उचलून नेऊं.” पोरांची माया खरी, पण उचलल्या जाणाऱ्याच्या मनाचा कोणी विचार केला आहे काय? सर्वांच्या देखत आपली उचलबांगडी व्हावी, हें स्वाभिमानी मनुष्यास रुचत नाहीं. चौघांच्या खांद्यावरून एकदां जावयाचेंच आहे. तें जितकें उशिरां होईल तितकें बरें, असें वृद्धांस वाटलें तर त्यांत नवल नाहीं. शिवाय उचलणाऱ्याचा एक पाय निसटला तर काय होईल, तें सांगावयास नको. उचलून नेलेला मनुष्य नाटकास ‘आणला’ जातो. गाडीवर बसून गेलेला मनुष्य नाटकास ‘येतो’. या दोन क्रियापदांत जें अंतर आहे, त्यासाठींच आमचा हा सारा खटाटोप आहे. मध्यंतरांत उठून चहा घ्यावा कीं न घ्यावा, ओळखीचा मनुष्य दिसल्यास त्याच्यापाशीं जावें कीं टाळावें, हें ज्याचें त्यास ठरवितां आलें पाहिजे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. “असे प्रेक्षक येतातच किती? पांच-दहा माणसांसाठीं एवढा खर्च कशाला?” ज्या घराला वाट नाहीं त्या घरीं पाहुणे येत नाहींत, आणि पाहुणे येत नाहींत म्हणून वाट करावयाची नाहीं, असा हा युक्तिवाद आहे. शिवाय अपंग प्रेक्षक बहुधा एकटा येत नाहीं. त्याच्याबरोबर सून, मुलगा, नातवंडें असतात. एक म्हातारी घरीं राहिली म्हणजे तिच्या सोबतीस आणखी एक जण राहतो. नाटकगृहाच्या रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब करणाऱ्यांनीं हाहि हिशेब करून पाहावा.

परंतु एक गोष्ट येथें स्पष्ट सांगितली पाहिजे. गाडी पायऱ्या चढत नाहीं. उत्तम गाडी आणिली आणि दारांत आठ पायऱ्या लागल्या, तर ती गाडी निरुपयोगी होय. म्हणून गाडी आणि वाट या दोहोंचा विचार एकत्रच झाला पाहिजे. वाटेचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांस सहज करतां येईल. चाकांच्या खुर्चीसाठीं उतरण करावयाची तर तिचें प्रमाण एकास बारा असें धरतात. म्हणजे एक फूट उंची चढण्यास बारा फूट लांबी. सहा इंची आठ पायऱ्या म्हणजे चार फूट उंची. तिला अठ्ठेचाळीस फूट उतरण लागेल, आणि मध्यें विसांव्याची सपाट जागा वेगळी. जेथें ही लांबी न देतां आठ-दहा फुटांत घसरगुंडी बांधून मोकळे होतात, तेथें ती उतरण पाहण्यापुरती असते, चढण्यापुरती नसते. तशीच गोष्ट दारांच्या रुंदीची, स्वच्छतागृहाची, आणि आंत गाडी उभी करण्याच्या जागेची. प्रत्येक मजल्यावर अशी सोय होणें जुन्या इमारतींत कठीण आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु एक दार, एक स्वच्छतागृह आणि रांगेच्या कडेस चार जागा, एवढें करण्यास नवी इमारत लागत नाहीं.

हा केवळ दयेचा प्रश्न आतां राहिलेला नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या दिव्यांगविषयक कराराच्या ३० व्या कलमांत सांस्कृतिक जीवनांत भाग घेण्याचा हक्क सांगितला असून, भारतानें तो करार २००७ सालीं मान्य केला. आपल्या देशाचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा. तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. त्याच्या २९ व्या कलमांत कला व करमणूक यांचा उल्लेख आहे. ४५ व्या कलमानें असलेल्या सार्वजनिक इमारती पांच वर्षांच्या आंत सुगम कराव्या, असें म्हटलें आहे. नियम जून २०१७ मध्यें निघाले. त्या हिशेबानें ती मुदत २०२२ मध्येंच संपली. पुढें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा न राहतां बंधनकारक असावेत, असा निर्णय दिला. कायदा इतका पुढें गेला. पायऱ्या मात्र पुष्कळ ठिकाणीं जेथल्या तेथें आहेत. कायद्यानें वाट दाखविली तरी फावडें हातीं घेणारा मनुष्य लागतोच.

आमच्या जिल्ह्यापुरतें काय करतां येईल? जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड व घनसावंगी या आठहि तालुक्यांतून नाटकाचे वेडे आहेत. कांहीं जण जालन्यास फुलंब्रीकर नाट्यगृहांत येतात, कांहीं साठ-एक किलोमीटरांवरील छत्रपति संभाजीनगरास जातात. महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं सामाजिक संस्था कुबड्या, चाकांच्या खुर्च्या, रुग्णाचे पलंग अनामत ठेवून अल्प भाड्यानें देतात. त्यांच्याच कोठारांत अशा दोन गाड्यांची भर पडावी, असें आम्ही सुचवितों. गणेशोत्सवाच्या वर्गणींतून उरलेल्या शिलकीचा याहून चांगला विनियोग आम्हांस सुचत नाहीं. विघ्नहर्त्याच्या नांवानें गोळा झालेला पैसा पायांतलें विघ्न दूर करण्यास लागावा, हें उचितच होय. मंडप व खुर्च्या भाड्यानें देणाऱ्या व्यापाऱ्यांनींहि हा धंदा करून पाहावा. मात्र ज्यांस भाडेंहि परवडणार नाहीं त्यांच्याकरितां कांहीं गाड्या विनामूल्य असाव्यात. नाहींतर पायांची अडचण गेली आणि पैशांची उरली, असें व्हावयाचें.

पालकांच्या उपयोगासाठीं दोन व्यावहारिक गोष्टी सांगतों. ही गाडी सर्वांस मानवेल असें नाहीं. ज्यास ताठ बसतां येतें, ज्याचे हात व नजर ठीक आहेत, त्यासच ती द्यावी. इतरांस ढकलावयाची चाकांची खुर्ची बरी. गाडी आदल्या दिवशीं आणून अंगणांत थोडी चालवून पाहावी. बॅटरी रात्रभर भारून ठेवावी. तिकिटें काढतांनाच नाटकगृहास विचारावें कीं सपाट वाट कोणत्या दाराकडून आहे, गाडी आंत कोठें उभी राहील, आणि आसन रांगेच्या कडेचें मिळेल काय. प्रयोगाच्या अर्धा तास आधीं पोहोंचावें. उतरणीवरून आडवें जाऊं नये. सरळ चढावें, सरळ उतरावें. गर्दींत वेग सर्वांत कमी ठेवावा. खेळ सुटल्यावर घाई न करतां गर्दी ओसरूं द्यावी. नाटकाविषयीं बोलण्यास तीच वेळ उत्तम.

आणखी एक विचार. आम्ही आतांपर्यंत प्रेक्षकाविषयींच बोललों. पण पायऱ्या पडद्यामागेंहि असतात. स्वागत थोरात यांनीं अंध कलावंतांस घेऊन ‘अपूर्व मेघदूत’सारखे प्रयोग रंगभूमीवर आणले, आणि डोळस प्रेक्षकांनीं ते डोळे भरून पाहिले. रंगमंचावर जाण्याची वाट जर सपाट झाली, तर उद्यां चाकाच्या खुर्चींतला एखादा मुलगा आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत राजाची भूमिका करील. राजा बसूनच असतो; त्यास चालावें लागतें कोठें?

विद्यार्थिमित्रांनो, अखेरचा शब्द तुमच्याशीं. शुभवर्तमानांतील कफर्णहूम येथील पक्षघाती मनुष्याची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. चौघांनीं त्यास बाजेवर घालून आणलें. दारांत दाटी एवढी कीं आंत शिरण्यास वाट नव्हती. तेव्हां छप्पर उस्तरून त्यांनीं बाज खालीं सोडली. त्या चौघांच्या श्रद्धेची वाखाणणी आपण नेहमीं ऐकतों, आणि ती योग्यच आहे. परंतु दारांत उभ्या असलेल्या त्या गर्दीचा विचार आपण फारसा करीत नाहीं. ती गर्दी दुष्ट नव्हती. तीहि चांगलें ऐकावयासच आली होती. फक्त मागें वळून पाहावें, असें तींतल्या कोणास सुचलें नाहीं. आपण बहुतेक जण त्या चौघांपैकीं नसतों. आपण त्या गर्दीपैकीं असतों. म्हणून आपलें कर्तव्य सोपें आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या आधीं हातांत फूटपट्टी घ्या, सभागृहाच्या पायऱ्या मोजा, बारानें गुणा, आणि तो आंकडा वडीलधाऱ्यांपुढें ठेवा. घरीं जाऊन आजीस विचारा कीं तिला कोणतें नाटक पाहावयाचें आहे. आणि नाटकाच्या दिवशीं घराच्या राखणीची चिंता कोणी काढलीच, तर कुलूप आपलें काम चोख करतें, असें त्यास सांगा.